छिन्नमनस्कता : पेशींमधील ताण आणि आत्मपरीक्षणाची क्षमता

उपचारांची सुरुवात रुग्णाच्या तक्रारीपासून होते, असे वैद्यकशास्त्रात सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. ताप आलेला, छातीत दुखणारा किंवा खोकल्याने बेजार झालेला माणूस स्वतःहून दवाखान्याची वाट धरतो. छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, या आजारात मात्र हे गृहीतकच कोसळते. या आजाराच्या रुग्णाला यातना होत असतात, परंतु त्यांचे मूळ आजारात आहे हे त्याला पटत नाही. शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत अशी ज्याची पक्की समजूत झाली आहे, तो डॉक्टरांकडे न जाता पोलीस ठाण्यात जातो. घरच्यांना हा हट्टीपणा वाटतो आणि उपचार लांबणीवर पडतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे २.४ कोटी लोकांना, म्हणजे दर ३०० व्यक्तींमागे साधारण एका व्यक्तीला, हा आजार आहे. बंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने (निम्हान्स) २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसून आले की, या गटातील तीव्र मनोविकारांच्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. ही दरी रुंद होण्यामागे मनोविकारतज्ज्ञांची कमतरता, गरिबी आणि सामाजिक कलंक ही कारणे आहेतच. त्यांच्या जोडीला रुग्णाची स्वतःच्या आजाराविषयीची अजाणता हेही एक मोठे कारण आहे.

ही अजाणता म्हणजे स्वभावदोष आहे, की मेंदूच्या एका विशिष्ट कार्यात आलेला बिघाड? तो बिघाड असेल, तर त्याची मुळे पेशींच्या रसायनशास्त्रात शोधता येतील काय? गेल्या दोन-अडीच दशकांतील संशोधनाने या प्रश्नांना एकमेकांशी जोडले आहे. पेशींमधील ‘ऑक्सिडीकरणाचा ताण’ आणि मनाची ‘आत्मपरीक्षणाची क्षमता’ या दोन संकल्पनांच्या आधारे या विषयाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

आजाराचे स्वरूप

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराचे वर्णन ‘अकाली बुद्धिभ्रंश’ अशा अर्थाच्या नावाने केले होते. स्वित्झर्लंडचे ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये त्याला ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिले आणि १९११ मध्ये त्यावर विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. विचार, भावना आणि वर्तन यांतील परस्परसंगती तुटणे, हा या नावामागील मूळ अर्थ होय. एकाच व्यक्तीत दोन व्यक्तिमत्त्वे नांदतात, असा जो समज चित्रपट-कादंबऱ्यांतून पसरला आहे, त्याचा या आजाराशी संबंध नाही.

या आजाराची लक्षणे तीन गटांत विभागली जातात. पहिल्या गटात भास आणि भ्रम येतात. प्रत्यक्षात कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येणे हा भास, तर पुराव्याने न हलणारी चुकीची पक्की समजूत म्हणजे भ्रम. या लक्षणांना ‘धन लक्षणे’ म्हणतात, कारण सामान्य अनुभवात त्यांची भर पडलेली असते. दुसऱ्या गटातील ‘ऋण लक्षणां’त उत्साह मावळणे, बोलणे कमी होणे, भावना बोथट होणे आणि एकलकोंडेपणा यांचा समावेश होतो. तिसरा गट बोधात्मक लक्षणांचा असून त्यात लक्ष, स्मरणशक्ती आणि नियोजनक्षमता यांवर परिणाम झालेला दिसतो. आजाराची सुरुवात बहुधा किशोरवयाच्या अखेरीपासून तिशीच्या आतबाहेर, म्हणजे शिक्षण आणि रोजगार यांच्या ऐन उंबरठ्यावर होते. देशाच्या मनुष्यबळाच्या दृष्टीने ही बाब विशेष गंभीर आहे.

आजाराच्या जाणिवेचा अभाव किती व्यापक आहे, याची पहिली मोठी नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय पथदर्शी अभ्यासात झाली. १९६० च्या दशकात सुरू झालेल्या या अभ्यासात नऊ देशांतील केंद्रे सहभागी होती आणि भारतातील केंद्र आग्रा येथे होते. १९७३ च्या अहवालानुसार तीव्र अवस्थेतील छिन्नमनस्कतेच्या रुग्णांत सर्वांत जास्त आढळलेले लक्षण होते आजाराच्या जाणिवेचा अभाव. त्याचे प्रमाण ९७ टक्के होते. भाषा, धर्म, आहार आणि कुटुंबपद्धती सर्वस्वी भिन्न असलेल्या समाजांतील रुग्णांचा यात समावेश असल्याने, हे लक्षण एखाद्या संस्कृतीची देणगी आहे असे म्हणता येत नाही.

आत्मपरीक्षण : विचाराविषयीचा विचार

आपण विचार करतो, तसाच आपल्या विचारांविषयीही विचार करतो. गणित सोडवून झाल्यावर ‘कुठे चुकलो तर नाही ना’ अशी शंका येते आणि आपण उत्तर पुन्हा तपासतो. अंधारात दोरी पाहून साप वाटला, तर ‘नीट दिसत नव्हते’ हे आपण नंतर मान्य करतो. मनाच्या या देखरेखीच्या कार्याला मानसशास्त्रात ‘अधिबोध’ म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लेव्हेल यांनी १९७० च्या दशकात ही संकल्पना रूढ केली. आत्मपरीक्षण हा तिचाच एक महत्त्वाचा भाग आहे.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ अँथनी डेव्हिड यांनी १९९० मध्ये आजाराच्या जाणिवेचे तीन पैलू मांडले. आपल्याला मानसिक आजार आहे हे ओळखणे, आपले असामान्य अनुभव त्या आजारातून उद्भवले आहेत हे समजणे आणि उपचारांना सहकार्य करणे, असे हे पैलू होत. एखादा रुग्ण औषधे नियमित घेतो, परंतु ऐकू येणारा आवाज खराच आहे असे मानतो. दुसऱ्याला आजार मान्य असतो, परंतु औषधे नको असतात. त्यामुळे जाणीव ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच नोंदवणे पुरेसे ठरत नाही.

बोधात्मक उपचारपद्धतीचे प्रवर्तक आरन बेक (१९२१–२०२१) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याच्याही पुढचे पाऊल टाकले. त्यांनी १५ विधानांची एक मापनश्रेणी प्रसिद्ध केली. त्यांतील ९ विधाने आत्मपरीक्षणाशी संबंधित आहेत. आपल्या अनुभवाचा अर्थ लावताना आपली चूक होऊ शकते, हे व्यक्ती कितपत मान्य करते, ते या विधानांतून कळते. उरलेली ६ विधाने स्वनिश्चितीची, म्हणजे ‘माझेच बरोबर’ या खात्रीची आहेत. पहिल्या गटाच्या गुणांतून दुसऱ्या गटाचे गुण वजा केले असता जो निर्देशांक मिळतो, तो त्या व्यक्तीची बोधात्मक जाणीव दर्शवतो. छिन्नमनस्कतेत सामान्यतः आत्मपरीक्षण कमी आणि स्वनिश्चिती अधिक आढळते.

स्वनिश्चितीचे एक बोलके उदाहरण मण्यांच्या प्रयोगातून मिळते. एका बरणीत ८५ मणी एका रंगाचे व १५ दुसऱ्या रंगाचे असतात. दुसऱ्या बरणीत हे प्रमाण उलट असते. एका बरणीतून एकेक मणी काढून दाखवला जातो आणि तो कोणत्या बरणीतला आहे हे सहभागी व्यक्तीने खात्री पटल्यावर सांगावयाचे असते. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात भ्रम असलेल्या रुग्णांनी इतरांपेक्षा बऱ्याच कमी मण्यांवरून निष्कर्ष काढला. नंतरच्या अनेक अभ्यासांतही काही रुग्ण अवघ्या एक-दोन मण्यांवर निर्णय देताना दिसले. पुरावा अपुरा असताना निष्कर्षाकडे झेपावण्याची ही वृत्ती भ्रमाला खतपाणी घालते.

मेंदूच्या आजारांत अशी अजाणता नवीन नाही. फ्रेंच चेताशास्त्रज्ञ जोसेफ बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये अर्धांगवायू झालेल्या अशा रुग्णांचे वर्णन केले होते, ज्यांना आपला हात लुळा पडला आहे हेच कळत नव्हते. तेथे कोणी रुग्णाला हट्टी म्हणत नाही, कारण मेंदूतील इजा दाखवता येते. छिन्नमनस्कतेत अशी ठळक जखम दिसत नाही. म्हणूनच सूक्ष्म पातळीवर, पेशींच्या आत काय घडते, याकडे वळावे लागते.

ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणजे काय?

प्राणवायूवाचून जगता येत नाही, परंतु प्राणवायूचा वापर पूर्णतः निर्धोकही नाही. पेशींतील तंतुकणिका अन्नापासून ऊर्जा निर्माण करतात, त्या वेळी प्राणवायूचा थोडासा अंश अर्धवट क्षपण होऊन सुपरऑक्साइडच्या रूपात निसटतो. ज्या अणूत किंवा रेणूत जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असतो, त्याला मुक्त मूलक म्हणतात. सुपरऑक्साइड हे असेच एक मुक्त मूलक आहे. मुक्त मूलके शेजारच्या रेणूंतील इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि त्यामुळे मेद, प्रथिने व डीएनए यांना इजा पोहोचते. उघडे राहिलेले तेल खवट होते, त्यामागेही मेदाच्या ऑक्सिडीकरणाची अशीच साखळी असते.

शरीराजवळ याविरुद्ध संरक्षणव्यवस्था आहे. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रूपांतर करते. या विकराचे कार्य अमेरिकेतील मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये उलगडले. पुढे कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरे हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाण्यात रूपांतर करतात. ही साखळी मध्येच अडली आणि जवळ मुक्त लोह असले, तर त्यापासून अत्यंत विध्वंसक असे हायड्रॉक्सिल मूलक तयार होते. क आणि ई ही जीवनसत्त्वेही संरक्षणाच्या कामी येतात.

मुक्त मूलके सर्वस्वी अनिष्ट आहेत असे नाही. पांढऱ्या पेशी जंतूंचा नाश करण्यासाठी त्यांचा उपयोग करतात आणि पेशींमधील संदेशवहनातही त्यांना स्थान आहे. मुक्त मूलकांची निर्मिती आणि त्यांचा निचरा यांतील समतोल ऑक्सिडीकरणाच्या बाजूला ढळला की अडचण निर्माण होते. या ढळलेल्या समतोलाला ‘ऑक्सिडीकरणाचा ताण’ म्हणतात. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये ही संज्ञा नेमकेपणाने मांडली. दैनंदिन भाषेत ज्याला आपण मानसिक ताण म्हणतो, त्याहून ही संकल्पना वेगळी आहे.

मेंदूच अधिक नाजूक का?

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के असतो, परंतु विश्रांतीच्या अवस्थेतही शरीर वापरत असलेल्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. चेतापेशींच्या पटलांत असंपृक्त मेदाम्ले विपुल असतात आणि त्यांचे ऑक्सिडीकरण सहज होते. मेंदूत कॅटालेजचे प्रमाणही तुलनेने कमी असते. त्यात भर म्हणजे, छिन्नमनस्कतेशी ज्याचा निकटचा संबंध मानला जातो त्या डोपामीन या चेतापारेषकाचे विघटन होतानाही हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते.

मेंदूच्या संरक्षणाची मोठी भिस्त ग्लुटाथायोनवर आहे. ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन अमिनो आम्लांपासून बनलेला हा लहानसा रेणू आहे. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील किम डो आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. औषधे चालू नसलेल्या रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवात ग्लुटाथायोन २७ टक्क्यांनी कमी आढळले. चुंबकीय अनुस्पंदनाच्या तंत्राने रुग्णांच्या मेंदूच्या मध्य-अग्र भागातील, म्हणजे मीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधील, ग्लुटाथायोन मोजले असता तेथील घट ५२ टक्के दिसली. नंतरच्या अभ्यासांत मात्र घट एवढी मोठी आढळली नाही आणि काहींत ती आढळलीच नाही. अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून समोर येणारी घट माफक आहे. विज्ञानात पहिल्या धक्कादायक आकड्यापेक्षा पुनःपुन्हा मिळणाऱ्या आकड्याला अधिक वजन असते, हे यावरून ध्यानात यावे.

ग्लुटाथायोन कमी झाल्याने काय बिघडते, याचे दोन मार्ग संशोधकांनी दाखवले आहेत. पहिला मार्ग एनएमडीए या ग्राहीचा आहे. शिकणे आणि स्मरण यांसाठी आवश्यक असलेल्या या ग्राहीचे कार्य ऑक्सिडीकरणाच्या स्थितीनुसार बदलते. संरक्षण दुबळे झाले की ते मंदावते. दुसरा मार्ग पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या नियंत्रक चेतापेशींचा आहे. या पेशी अतिशय वेगाने कार्य करतात, म्हणून त्यांची ऊर्जेची आणि संरक्षणाची गरजही मोठी असते. मेंदूच्या निरनिराळ्या भागांनी एकाच लयीत काम करावे यासाठी त्या ताल धरतात. ग्लुटाथायोनची निर्मिती कमी असलेल्या उंदरांत याच पेशींची हानी झालेली आढळली. या पेशींची आणि त्यांच्याभोवतीच्या संरक्षक जाळीची वाढ किशोरवयाच्या उत्तरार्धापर्यंत चालू राहते. आजाराच्या सुरुवातीचे वय आणि ही वाढ पूर्ण होण्याचा काळ यांतील जवळीक म्हणूनच लक्षणीय मानली जाते.

दोन टोके कोठे जुळतात?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘अमुक विशेषण तुम्हाला लागू पडते का?’ असा प्रश्न विचारला असता मेंदूचा मध्य-अग्र भाग कार्यरत होतो, हे प्रतिमांकन तंत्रांनी दाखवून दिले आहे. लंडन येथे निरोगी व्यक्तींवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, आपला निर्णय बरोबर की चूक हे अचूक ओळखण्याची क्षमता ज्यांच्यात अधिक होती, त्यांच्या मेंदूच्या अगदी पुढच्या भागात करडे द्रव्यही अधिक होते. याचा अर्थ, स्वतःच्या विचारांवर देखरेख ठेवणारी यंत्रणा मुख्यतः मेंदूच्या अग्रभागाशी निगडित आहे. लोझानच्या संशोधकांनी ग्लुटाथायोनची घट मोजली, तीही याच अग्रभागाच्या मध्यवर्ती पट्ट्यात.

यातून पुढे येणारी मांडणी अशी. संरक्षण दुबळे झाल्याने अग्रभागातील नियंत्रक चेतापेशींना इजा पोहोचते, त्यांची लय बिघडते, मेंदूच्या भागांतील सुसंवाद क्षीण होतो आणि आलेल्या अनुभवाची शहानिशा करणारी यंत्रणा लंगडी पडते. आवाज ऐकू येतो, परंतु ‘हा खरा आहे का?’ हा प्रश्न मनात उमटत नाही.

ही मांडणी आकर्षक असली तरी ती आज गृहीतकाच्या पातळीवर आहे. अभ्यासकांनी येथे सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांत धूम्रपानाचे प्रमाण जास्त असते आणि धूम्रपानाने ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो. त्यांचा आहार अनेकदा निकृष्ट असतो, झोप बिघडलेली असते, आणि हॅलोपेरिडॉलसारखी काही औषधेही हा ताण वाढवू शकतात. रक्तातील मोजमाप मेंदूतील स्थिती दाखवतेच असेही नाही. ताणामुळे आजार होतो, आजारामुळे ताण वाढतो, की दोन्ही एकमेकांना बळ देतात, याचा निवाडा केवळ एका वेळच्या मोजणीने होत नाही.

उपचारांच्या दिशा

ऑक्सिडीकरणाचा ताण कमी केल्यास रुग्णाला लाभ होतो का, हे पाहणे ही या मांडणीची खरी कसोटी होय. या संशोधनात पुण्याचाही वाटा आहे. अमेरिकेतील जॉर्जिया येथे कार्यरत असलेले डॉ. साहेबराव महाडिक हे या विषयाच्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी एक. त्यांच्या सहकार्याने पुण्यातील संशोधकांनी केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीची औषधे चालू असलेल्या ३३ रुग्णांना चार महिने ओमेगा-३ मेदाम्ले आणि क व ई जीवनसत्त्वे देण्यात आली. लक्षणांत सुधारणा दिसली आणि पूरके थांबवल्यानंतर चार महिन्यांनीही ती बऱ्याच अंशी टिकून होती. तथापि, तुलनेसाठी निष्क्रिय गोळी घेणारा गट नसल्याने या निष्कर्षाला मर्यादा होत्या.

ऑस्ट्रेलियातील मायकेल बर्क आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर दीर्घकाळ वापरले जाणारे एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध शरीराला ग्लुटाथायोन बनवण्यासाठी लागणारे सिस्टीन पुरवते. १४० रुग्णांपैकी काहींना हे औषध दररोज २ ग्रॅम, तर इतरांना निष्क्रिय गोळी २४ आठवडे देण्यात आली. औषध घेणाऱ्यांच्या लक्षणांत, विशेषतः ऋण लक्षणांत, माफक सुधारणा झाली. याच चाचणीतील लेखी निरीक्षणांचे विश्लेषण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा औषध घेणाऱ्या गटात आजाराची जाणीव, स्वतःची निगा आणि सामाजिक वावर यांत सुधारणेच्या नोंदी अधिक आढळल्या. पेशीतील रसायन आणि आत्मपरीक्षण यांना जोडणारा हा एक महत्त्वाचा दुवा ठरतो. परंतु क्लोझापीनलाही पुरेसा प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांवरील आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधाचा लाभ दिसून आला नाही. त्यामुळे बाजारातील ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्या हा छिन्नमनस्कतेवरचा उपचार नव्हे. मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली औषधे बंद करून अशा गोळ्यांवर विसंबणे घातक आहे.

दुसरी दिशा प्रशिक्षणाची आहे. जर्मनीतील हँबुर्ग येथे स्टेफेन मोरिट्झ आणि सहकाऱ्यांनी ‘अधिबोध प्रशिक्षण’ विकसित केले. त्यात रुग्णाच्या भ्रमावर थेट हल्ला केला जात नाही. चित्रे, कोडी आणि गोष्टी यांच्या साहाय्याने, मनुष्य घाईने निष्कर्ष कसा काढतो आणि अति खात्री कशी फसवते, हे गटात बसून अनुभवायला मिळते. चाळीस अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात या प्रशिक्षणाने भ्रमांची तीव्रता कमी होत असल्याचे दिसले. आत्मपरीक्षणाची क्षमता आजाराने क्षीण झाली तरी ती सरावाने काही अंशी परत मिळवता येते, हा त्याचा मथितार्थ.

येथे एक सावधगिरीची सूचनाही आवश्यक आहे. आजाराची जाणीव वाढली की काही रुग्णांत नैराश्य आणि निराशा वाढते. आपल्याला काय झाले आहे आणि काय गमावले आहे, हे एकाएकी उमजणे क्लेशदायक असते. समाजात या आजाराचा कलंक जितका गडद, तितकी ही जाणीव अधिक बोचते. म्हणून जाणीव जागी करताना आशा आणि आधार यांची जोड देणे हे उपचारांचे अविभाज्य अंग मानले पाहिजे.

कायदा आणि व्यवस्था

ज्याला आपला आजार मान्य नाही, त्याच्या उपचारांचा निर्णय कोणी घ्यावयाचा, हा प्रश्न विज्ञानाइतकाच कायद्याचाही आहे. १९८७ च्या कायद्याची जागा घेणारा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २०१८ मध्ये अमलात आला. त्याच्या कलम ४ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीसह प्रत्येक व्यक्तीची निर्णयक्षमता तपासताना तिला संबंधित माहिती समजते का, निर्णयाच्या परिणामांचे आकलन होते का आणि निर्णय व्यक्त करता येतो का, हे पाहिले जाते. एखादा निर्णय इतरांना अयोग्य वाटतो, एवढ्यावरून ती व्यक्ती अक्षम ठरत नाही. येथे आजाराची जाणीव आणि निर्णयक्षमता यांतील फरक स्पष्ट होतो. ‘मला आजार नाही’ असे म्हणणारी व्यक्तीही ‘या गोळीने मला झोप लागते, म्हणून मी ती घेईन’ असा समंजस निर्णय घेऊ शकते.

कलम ५ अन्वये कोणतीही सज्ञान व्यक्ती भविष्यात आपली क्षमता उणावल्यास कोणते उपचार व्हावेत किंवा होऊ नयेत, याचे आगाऊ निर्देश लिहून ठेवू शकते. आत्मपरीक्षणाची शक्ती कमीअधिक होणाऱ्या आजारात या तरतुदीचे मोल मोठे आहे, कारण बऱ्या काळातील विवेक तीव्र आजाराच्या काळात मार्गदर्शक ठरतो. स्वतःला किंवा इतरांना धोका असेल, अथवा स्वतःची काळजी घेणे अशक्य झाले असेल आणि व्यक्ती स्वतः निर्णय घेण्यास असमर्थ असेल, तेव्हा नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून, तपासणीअंती ३० दिवसांपर्यंत दाखल करण्याची तरतूद कलम ८९ मध्ये आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत मानसिक आजाराचाही समावेश आहे.

सेवांच्या पातळीवर राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये, तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. दूरध्वनीवरून विनामूल्य समुपदेशन देणारी ‘टेली-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू करण्यात आली. १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत संपर्क साधता येतो आणि रुग्ण स्वतः बोलण्यास तयार नसला तरी त्याच्या कुटुंबीयांना मार्गदर्शन मिळू शकते. डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ मध्ये चेन्नईत स्थापन केलेल्या ‘स्कार्फ’ या संस्थेने पुनर्वसन आणि संशोधनाचा पायंडा पाडला. मराठीत २००४ च्या ‘देवराई’ या चित्रपटाने हा आजार आणि रुग्णाच्या कुटुंबाची ओढाताण सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचवली. २४ मे हा दिवस जगभर स्किझोफ्रेनिया जनजागृतीसाठी पाळला जातो.

समारोप

छिन्नमनस्कतेच्या रुग्णाचे ‘मला काही झालेले नाही’ हे उद्गार आजवर बहुधा हट्ट, ढोंग किंवा बाहेरची बाधा म्हणून ऐकले गेले. ग्लुटाथायोन, नियंत्रक चेतापेशी आणि मेंदूचा अग्रभाग यांविषयीचे संशोधन अद्याप अपूर्ण आहे. तरीही त्याने एक गोष्ट ठामपणे पुढे आणली आहे. स्वतःच्या मनाकडे तटस्थपणे पाहण्याची शक्ती हेही मेंदूचे एक कार्य आहे आणि दृष्टी किंवा हालचाल यांप्रमाणे तेही आजाराने बाधित होऊ शकते. ही जाण पसरली, तर कुटुंबाचा रोष ओसरेल आणि वाद घालण्यात जाणारे महिने उपचारांच्या कामी येतील. आजार सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा काळ जितका कमी, तितकी सुधारणेची शक्यता अधिक, हे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, आशा कार्यकर्ती, शिक्षक आणि पोलीस कर्मचारी यांच्यापर्यंत हे ज्ञान पोहोचवणे, हे म्हणूनच येत्या काळातील मानसिक आरोग्य धोरणाचे एक प्रमुख उद्दिष्ट असावयास हवे. ज्याला स्वतःहून मदत मागता येत नाही, त्याच्यापर्यंत मदत पोहोचवण्याची जबाबदारी कुटुंब, समाज आणि शासन या सर्वांची आहे.